घर्षणाचे उदाहरण अडते कोठे?

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग भंडारा आणि लाखनी मागे टाकून साकोलीत पोहोचतो. एका अंगाला नागझिऱ्याचे जंगल, दुसऱ्या अंगाला नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय आणि मधल्या भूभागात धानाची खाचरे, मामा तलाव आणि त्यांच्या मातीच्या पाळी, असा हा झाडीपट्टीचा प्रदेश. येथील एखादा बुद्धिमान विद्यार्थी दहावीपर्यंतचे विज्ञान मराठीतून शिकतो, उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो आणि डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्याचे स्वप्न उराशी बाळगून अकरावीच्या विज्ञान शाखेत प्रवेश घेतो. तेथे बलांचा विषय सुरू होतो आणि घर्षणाच्या उदाहरणांपाशी त्याचा गाडा रुततो. आठ-दहा उदाहरणे चुकली की आत्मविश्वास खचतो, आत्मविश्वास खचला की विषय नावडता होतो, आणि मग ‘खेड्यातल्या मुलांना फिजिक्स झेपत नाही’ असा शेरा मारून समाज मोकळा होतो.

हा शेरा अन्यायकारक तर आहेच, पण तो वस्तुस्थितीलाही धरून नाही. घर्षणाच्या प्रकरणात अवघड गणित मुळी नाहीच. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि त्रिकोणमितीतील तीन गुणोत्तरे एवढ्या सामग्रीवर यातील बहुतेक उदाहरणे सुटतात. सूत्र म्हणावे तर एकच: घर्षण बल म्हणजे घर्षणांक गुणिले अभिलंब बल. इतके सोपे असूनही विद्यार्थी अडतो, याचा अर्थ अडचण त्याच्या बुद्धीत नसून त्याला शिकवण्याच्या रीतीत आहे. त्याच्या हाती सूत्र दिले जाते, दृष्टी दिली जात नाही. आणि त्याच्या घरी, शेतात, खळ्यावर या विषयाचे जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे, त्याचा पुस्तकाशी काही संबंध आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

सूत्र आधी, विचार नंतर

एक साधे उदाहरण घ्यावे. ५० किलोचे धानाचे पोते सपाट फरशीवर ठेवले आहे. पोते आणि फरशी यांमधील स्थितिक घर्षणांक ०.४ आणि गतिक घर्षणांक ०.३ आहे. पोते १२० न्यूटन बलाने आडवे ओढले, तर घर्षण बल किती? गुरुत्व त्वरण १० धरले की पोत्याचे वजन ५०० न्यूटन होते. त्याला ०.४ ने गुणून बहुसंख्य विद्यार्थी क्षणात उत्तर लिहितात, २०० न्यूटन. उत्तर चुकीचे आहे.

ते चुकीचे का, हे कळायला सूत्राची नव्हे, क्षणभराच्या विचाराची आवश्यकता आहे. ओढणारे बल पुढे १२० आणि घर्षण मागे २०० असेल, तर पोते मागच्या दिशेला धावू लागले पाहिजे! असा चमत्कार जगात कोठे घडत नाही. पोते जागचे हलत नाही, याचाच अर्थ घर्षण नेमके १२० न्यूटन आहे. स्थितिक घर्षण हे गरजेपुरतेच प्रकट होते. ओढ वाढली की तेही वाढते, आणि २०० न्यूटन ही त्याची कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या पलीकडे, समजा २५० न्यूटनने ओढले, की पोते सुटते. सुटलेल्या पोत्यावर गतिक घर्षण लागते, ते ०.३ गुणिले ५००, म्हणजे १५० न्यूटन. उरलेले १०० न्यूटन ५० किलोच्या पोत्याला २ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण देतात.

या एका उदाहरणात प्रकरणाचे अर्धे मर्म सामावले आहे. ‘सरकते की नाही?’ हा प्रश्न आधी विचारावयाचा आणि सूत्र नंतर लावावयाचे. हा क्रम उलटला की पुढचे सारे चुकत जाते. बाजार समितीत पोती ओढणाऱ्या हमालाला हे तत्त्व अंगवळणी पडलेले असते. पोते हलवायला पहिला हिसका जोराचा लागतो आणि एकदा हलले की तेवढा जोर लागत नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. स्थितिक घर्षणांक गतिक घर्षणांकाहून मोठा असतो, हे पुस्तकातील वाक्य म्हणजे त्या हमालाच्या खांद्याला ठाऊक असलेली गोष्ट होय.

‘नॉर्मल’ म्हणजे काय?

दुसरी अडचण शब्दाची आहे, आणि ती पहिलीपेक्षा खोल आहे. इंग्रजीतून शिकताना विद्यार्थ्यासमोर ‘नॉर्मल रिअ‍ॅक्शन’ हा शब्दप्रयोग येतो. ‘नॉर्मल’ या शब्दाचा त्याला ठाऊक असलेला अर्थ साधारण, नेहमीचे असा. भूमितीत याच शब्दाचा अर्थ ‘पृष्ठभागाला लंब’ असा होतो, हे त्याला कळायला बराच काळ जातो. काहींना ते कधीच कळत नाही. तोपर्यंत नॉर्मल म्हणजे वस्तूचे वजन, अशी खूणगाठ मनात पक्की बसलेली असते. मराठी शब्द पाहावा: अभिलंब बल. शब्दातच ‘लंब’ आहे आणि लंब म्हणजे काय, हे पाचवी-सहावीच्या भूमितीपासून त्याला पाठ आहे. हा शब्द उच्चारताच आकृतीतील बाण कोणत्या दिशेने काढावयाचा, याचा निर्णय होतो. ‘घर्षणांक’ हा शब्दही असाच बोलका आहे. मातृभाषेतील परिभाषेचा कैवार हा केवळ अस्मितेचा विषय नव्हे. तो उदाहरण बरोबर येण्याचा विषय आहे.

शब्द चुकीचा कळला की गणित कसे चुकते, तेही पाहण्यासारखे आहे. तेच ५० किलोचे पोते ट्रकवर चढवण्यासाठी ३० अंशांच्या कलत्या फळीवर ठेवले. नॉर्मल म्हणजे वजन असे समजणारा विद्यार्थी येथेही ५०० न्यूटन धरून चालतो. वास्तविक फळीला लंब असलेला वजनाचा घटक ५०० गुणिले कोसाइन ३०, म्हणजे सुमारे ४३३ न्यूटन एवढाच आहे. फळीला समांतर असलेला घटक २५० न्यूटन. पोते एकसमान वेगाने वर सरकवायचे, तर हे २५० आणि गतिक घर्षणाचे सुमारे १३० मिळून ३८० न्यूटन बल लावावे लागते. सरळ उचलायला ५०० लागले असते. फळीचा उपयोग का होतो, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

आता फळी बाजूला ठेवून पोते पुन्हा सपाट फरशीवर आणावे. दोर बांधून ३० अंश वरच्या दिशेने ओढले, तर पोते हलवायला सुमारे १८८ न्यूटन बल पुरते. तेच पोते मागून ३० अंश खालच्या दिशेने ढकलले, तर सुमारे ३०० न्यूटन लागतात. पोते तेच, फरशी तीच, घर्षणांकही तोच. मग हा फरक कोठून आला? वरच्या दिशेची ओढ पोत्याचा काही भार स्वतः पेलते, म्हणून अभिलंब बल घटते. खाली दाबून ढकलताना ते वाढते आणि त्याबरोबर घर्षणही वाढते. अवजड वस्तू ढकलण्यापेक्षा दोर लावून ओढणारा कष्टकरी मनुष्य हे गणित कागदावर मांडत नाही, पण त्याचे उत्तर त्याच्या हाताला माहीत असते. त्याच्याच मुलाला कागदावर ते जमत नसेल, तर दोष कोणाचा?

विरोध कशाला?

येथे एक गोष्ट निखळपणे मान्य केली पाहिजे. मराठीतून शिकवले म्हणजे सारे आपोआप बरोबर होते, असेही नाही. महाराष्ट्राच्या शाळांत सहावीच्या विज्ञानात बलाच्या प्रकारांमध्ये घर्षण बलाची ओळख होते. ‘घर्षण गतीला विरोध करते’ हे वाक्य तेव्हापासून मुलांच्या तोंडी बसते. ते अर्धसत्य आहे. पुढच्या इयत्तांत हेच अर्धसत्य वाटेत धोंड होऊन बसते. घर्षण गतीला नव्हे, तर एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या परस्परांवरून सरकण्याला विरोध करते.

या फरकाचे महत्त्व बैलगाडीकडे पाहिले की कळते. बैल खुराने जमीन मागे रेटतो. खूर मागे घसरू नये म्हणून जमीन त्याला पुढे रेटते. हे पुढच्या दिशेचे बल म्हणजे घर्षणच. ते गतीला विरोध करीत नाही, ते गती देते. रोवणीच्या दिवसांत चिखल केलेल्या बांधीत माणसाचा पाय का घसरतो, याचे कारणही हेच. तेथे पुढे नेणारे घर्षण अपुरे पडते. मात्र त्याच गाडीच्या कण्यापाशी चाक फिरताना जे घर्षण होते ते बैलांचे कष्ट वाया घालवते, म्हणून तेथे वंगण घालतात. आणि लाकडी चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड झाली की आक्रसते, चाकाला करकचून आवळते आणि त्या दाबातून उपजलेल्या घर्षणानेच जागी टिकते. एकाच गाडीत एके ठिकाणी घर्षण हवे, दुसरीकडे नको, तिसरीकडे त्याच्यावाचून भागत नाही. गावच्या सुतार-लोहारांनी हा विवेक शतकानुशतके सांभाळला. बैलगाडीच्या या तीन जागा फळ्यावर काढून दाखवणारा शिक्षक विद्यार्थ्याला जे देईल, ते महागड्या शिकवणी वर्गाच्या छापील नोट्स देऊ शकणार नाहीत.

स्वयंवह यंत्राचा धडा

ज्ञानपरंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या विषयात एक इतिहास अवश्य अभ्यासावा. वैशेषिक दर्शनावरील प्रशस्तपादांच्या ग्रंथात ‘वेग’ या संस्काराची चर्चा आहे. स्पर्श असणाऱ्या द्रव्याशी विशिष्ट संयोग झाला म्हणजे वेगाला बाध येतो, असा विचार तेथे मांडला आहे. गतिमान वस्तू का थांबते, या प्रश्नाला भारतीय चिंतकांनी दिलेले हे उत्तर घर्षणाच्या कल्पनेच्या पुष्कळ जवळ जाते. त्याचा सार्थ अभिमान वाटावा. परंतु त्या विचाराला मापाची जोड मिळाली नाही, हेही तितकेच खरे.

भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ रचला. त्यातील यंत्राध्यायात स्वयंवह यंत्राचे वर्णन आहे: पोकळ आऱ्यांत पारा भरलेले, आपोआप फिरत राहणारे चाक. त्यापूर्वी ब्रह्मगुप्तांनीही अशा चाकाची कल्पना मांडली होती. अखंड फिरणाऱ्या चाकाची ही कल्पना पुढे अरब जगतात आणि युरोपातही दिसते, आणि तिने अनेक बुद्धिमंतांना मोहात पाडले. पण असे चाक प्रत्यक्षात अखंड फिरत राहू शकत नाही. पाऱ्याच्या हालचालीतून फुकटची ऊर्जा मिळत नाही, आणि चाकाला दिलेला वेग कण्यावरील घर्षण व हवेचा अवरोध हळूहळू गिळून टाकतात. हे सांगितल्याने भास्कराचार्यांची थोरवी तसूभरही उणी होत नाही. उलट, पूर्वजांच्या कल्पनेची भव्यता आणि तिची मर्यादा ही दोन्ही ज्याला दिसतात, तोच त्यांचा खरा वारस ठरतो.

युरोपात लिओनार्दो दा विंची यांनी घर्षणाचे निरीक्षण आपल्या टिपणवह्यांत नोंदवून ठेवले होते, पण ते प्रसिद्ध झाले नाही. १६९९ साली फ्रान्समधील गिलोम आमोंताँ यांनी प्रयोगांच्या आधारे दोन नियम सांगितले: घर्षण हे भाराच्या प्रमाणात असते आणि ते स्पर्शक्षेत्राच्या विस्तारावर अवलंबून नसते. पोते उभे ठेवा की आडवे, सरकवायला जोर तेवढाच! १७८५ साली शार्ल कूलाँ यांच्या प्रयोगांनी हे नियम अधिक पक्के झाले. कूलाँ हे मूळचे लष्करी इंजिनिअर. मातीचा ढिगारा किती उतारावर स्थिर राहतो आणि भिंतीवर किती दाब देतो, याचाही त्यांनी सखोल अभ्यास केला होता.

साकोलीच्या वाचकाला येथे आपल्या तलावांची पाळ आठवावी. झाडीपट्टीतील तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातील जाणत्यांना मातीची पाळ किती उताराची ठेवली म्हणजे ती ढासळत नाही, हे अनुभवाने ठाऊक होते. खळ्यावर ओतलेल्या धानाची रास ठराविक उताराच्या पलीकडे उंच होत नाही, दाणे घरंगळू लागतात, त्यामागेही मुख्यतः घर्षणाचाच नियम आहे. जे ज्ञान कूलाँ यांनी समीकरणात बांधले, त्याचा अनुभव येथेही होता. उणीव होती ती मोजण्याची, मांडण्याची आणि पुढच्या पिढीला लिहून देण्याची. कष्टकऱ्याचा हात आणि पंडिताची लेखणी यांच्यात पडलेली दरी हे त्याचे कारण, आणि ती दरी आजही पुरती बुजलेली नाही. मेकॉलेला दोष देणे सोपे आहे, परंतु त्याला शंभर दूषणे दिल्याने फळ्यावर बलांची एकही आकृती उमटत नाही.

मोहघाट्याचा रस्ता

हे सारे परीक्षेतील गुणांपुरते आहे, असे कोणी समजू नये. लाखनी आणि साकोली यांच्या दरम्यान मोहघाट्याच्या जंगलातून राष्ट्रीय महामार्ग जातो. नवेगाव आणि नागझिरा यांच्या व्याघ्र प्रकल्पाची घोषणा २०१३ साली झाली, आणि या दोन अरण्यांमधील वन्यजीवांची वाट हा महामार्ग छेदतो. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या वाहनासमोर एखादे जनावर किंवा सायकलवरून शाळेला निघालेला मुलगा अवचित आला, तर काय होईल?

रस्ता कोरडा असून घर्षणांक ०.८ धरला, तर ब्रेक लागल्यानंतर वाहन २५ मीटरवर थांबते. पावसाने रस्ता ओला होऊन घर्षणांक ०.४ वर आला, तर तेच अंतर ५० मीटर होते. चालकाला भान येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी २० मीटर. वेग दुप्पट केला की ब्रेकचे अंतर चौपट! या गणितात वाहनाचे वस्तुमान दोन्ही बाजूंनी छेदून जाते. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण पुरेपूर वापरण्याइतके ब्रेक समर्थ आहेत असे धरले, तर ‘गाडी जड आहे, रस्त्याला धरून राहील’ हा समज फोल ठरतो. अकरावीच्या पुस्तकातील हे उदाहरण ज्या तरुणाने समजून सोडवले आहे, तो पावसाळ्यात या रस्त्यावर मोटारसायकलचा वेग आपसूक कमी करील. दंडाच्या भीतीपेक्षा ही समज अधिक टिकाऊ आहे.

राष्ट्राच्या पातळीवरही हा विषय लहान नाही. होल्मबर्ग आणि एर्देमिर या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे एक पंचमांश ऊर्जा केवळ घर्षणावर मात करण्यात खर्ची पडते. भारत आपल्या गरजेच्या चार पंचमांशाहून अधिक कच्चे तेल आयात करतो. वंगण, बेअरिंग आणि टायर यांत सुधारणा करणारे संशोधन म्हणजे परकीय चलनाची बचत, म्हणजेच स्वदेशी. असे संशोधक साकोलीतून का निर्माण होऊ नयेत?

करावयाचे काय?

परिभाषेची सबब आता चालणार नाही. भंडारा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता तेव्हा राजधानी नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंच्या आधारे शास्त्रीय परिभाषेचे प्रचंड कार्य केले. पुढे भारतीय जनसंघाचे अध्यक्ष झालेल्या या विद्वानाच्या अनेक शब्दांची तेव्हा थट्टा झाली, पण भारतीय भाषांत विज्ञान बोलता येते हा विश्वास त्यांनी दिला. १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषदेने तो विश्वास जोपासला. नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतही देता येऊ लागल्या. दारे उघडली गेली, परंतु त्या दारांपर्यंत मुलांना नेणारी पायवाट समाजाने बांधावयाची आहे.

त्यासाठी शासनाकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. साकोली, लाखनी, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव या परिसरात निवृत्त शिक्षक आहेत, इंजिनिअर झालेले स्वयंसेवक आहेत, सुट्टीत गावी येणारे तरुण आहेत. अभ्यासिकांमध्ये आठवड्यातून दोन तास दिले, तरी पुष्कळ काम होईल. प्रयोगशाळेचीही वाट पाहावयास नको. एक फळी, एक वीट आणि एक मोजपट्टी एवढे साहित्य पुरे. फळीवर वीट ठेवून फळीचे एक टोक सावकाश उचलत न्यावे. वीट ज्या क्षणी घसरू लागते, त्या क्षणी टोकाची उंची आणि फळीखालच्या पायाची लांबी मोजावी. उंची ३२ सेंटिमीटर आणि पाया ८० सेंटिमीटर आला, तर त्यांचा भागाकार ०.४ हाच स्थितिक घर्षणांक. विटेवर दुसरी वीट ठेवून पाहावे, उत्तर बदलत नाही. ज्या मुलाने हे स्वतःच्या हाताने केले, त्याला ते जन्मात विसरणार नाही.

उदाहरण सोडवताना चार गोष्टींचा क्रम मुलांच्या अंगी बाणवावा. ज्या वस्तूचा विचार करावयाचा, ती मनाने इतरांपासून वेगळी काढावी. तिच्यावर कोण कोण बल लावते, त्या प्रत्येकासाठी एक बाण काढावा. पृष्ठभागाला लंब दिशेचा हिशेब मांडून अभिलंब बल काढावे, ते वजनाएवढे असेल असे गृहीत धरू नये. आणि शेवटी, वस्तू सरकते की नाही हे कमाल स्थितिक घर्षणाशी ताडून पाहावे. त्यानंतरच सूत्राला हात लावावा. प्रत्येक मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द लिहून ठेवावा, म्हणजे अर्थ मातृभाषेतून कळेल आणि पुढच्या शिक्षणातही अडणार नाही. इंग्रजीचा द्वेष करण्याचे कारण नाही, तिच्या धाकात राहण्याचे तर मुळीच नाही.

समाजजीवनातही घर्षणाचे दोन प्रकार असतात. एक, शक्ती वाया घालवणारे. दुसरे, पाऊल रोवून पुढे जाण्यास आधार देणारे. झाडीपट्टीतील मुलांच्या वाटेवर पहिल्या प्रकारचे घर्षण पुष्कळ आहे: परक्या भाषेचे, न्यूनगंडाचे, दूरच्या शहरातील महागड्या शिकवण्यांचे. त्यांना पाय रोवण्यासाठी भक्कम भूमी हवी आहे. येत्या रविवारी एखाद्या अभ्यासिकेत फळी आणि वीट घेऊन बसणारा एकच कार्यकर्ता जरी उभा राहिला, तरी त्या भूमीचा पहिला हातभर तुकडा तयार होईल.